धोंडो म्हणजे दगड की गणपती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा झालाय, बारसं दोनदा पुढे ढकललंय, आणि पणजोबांचं नाव ठेवायची तुमची इच्छा आहे. पणजोबा धोंडो गणेश. यावरून घरात दोन तट पडलेत. आई म्हणतात, "सोन्यासारख्या पोराला दगड म्हणून हाक मारायची का?" काका म्हणतात, धोंडो हा धुंडिराजाचा अपभ्रंश, म्हणजे काशीचा गणपती, तेव्हा नाव शुभच आहे. खरं कोणाचं, असं तुम्ही विचारलंय आणि सोबत वंशावळीचा फोटो पाठवलाय. त्यात खालून वर जाताना धोंडो गणेश, गणेश धोंडो, धोंडो मोरेश्वर असा क्रम दिसतो. मूळ गाव दापोली तालुक्यातलं.

मी गेली तीसेक वर्षं मोडी कागद वाचून देतो. त्यातले निम्मे कागद जमिनीच्या भांडणांचे असतात. उरलेल्यांत वंशावळी, पत्रिका, कर्जरोखे, कुळधर्माच्या याद्या. त्यामुळे नावं रोज हाताखालून जातात, आणि धोंडो तर आठवड्यातून एकदा भेटतोच. तेव्हा आधी उत्तर देतो, मग कारणं. शब्दाच्या अर्थापुरतं आईंचं बरोबर आहे. काकांचं म्हणणं अशक्य नाही, पण ते सगळ्या धोंडोंना लागू होत नाही. आणि तुमच्या पणजोबांपुरतं बोलायचं, तर त्यांच्या नावामागे दगडही नव्हता आणि गणपतीही नव्हता. त्यांच्या नावामागे त्यांचे आजोबा होते.

हे शेवटचं आधी उलगडतो, कारण लोक नेमकं इथेच चुकतात. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची चाल होती. म्हणून जुन्या वंशावळी वाचताना धोंडो गणेश, गणेश धोंडो, पुन्हा धोंडो गणेश अशी लपाछपी दिसते. एका पिढीत कुणाचं तरी नाव काही कारणानं धोंडो पडतं आणि मग ते एकाआड एक पिढीला दीडशे वर्षं उगवत राहतं. चौथ्या धोंडोच्या जन्माच्या वेळी मूळ कारण कुणाच्या लक्षातही नसतं. शिवाय सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. मग पोराला हाक कशी मारायची? म्हणून त्याच घरात तो नाना, अण्णा, भाऊ, तात्या होतो आणि खरं नाव कागदापुरतं राहतं. तुमच्या पणजोबांना घरात काय म्हणायचे ते विचारून बघा. धोंडो म्हणून हाक मारणारं माणूस बहुधा नव्हतंच.

तेव्हा "धोंडो नाव का?" हा प्रश्न विचारायचा तो सगळ्यात वरच्या धोंडोला, म्हणजे तुमच्या कागदातल्या धोंडो मोरेश्वरांना.

आता शब्द. धोंडा म्हणजे दगड, तोही बऱ्यापैकी मोठा. खिशात मावतो तो खडा, फेकून मारतो तो दगड, आणि पायावर पाडून घेतो तो धोंडा. हा शब्द संस्कृतातून ओढून आणायचा प्रयत्न मी तरी करणार नाही, तो देशी आहे. देशावर धोंडा, तर कोकणात, मालवणीत आणि गोव्याकडच्या बोलीत तोच धोंडो. घोडा–घोडो, आंबा–आंबो, तसंच. म्हणजे किनारपट्टीच्या माणसाला धोंडो या नावात वेगळा अर्थ शोधावा लागत नव्हता. वाटेत पडलेला दगडही धोंडोच आणि ओटीवर बसलेला माणूसही धोंडोच.

पण थांबा, या 'ओ'ची आणखी एक खोड आहे. जुन्या मराठीत मोठं नाव आखडून त्याला ओ लावायची पद्धत होती. नारायणाचा नारो, मोरेश्वराचा मोरो, नीळकंठाचा निळो. शिवाजी महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळे कागदात मोरो त्रिंबक असतात. तुमच्या कागदातले मोरेश्वरही त्यांच्या हयातीत बहुधा मोरोच असणार. काकांचा मुद्दा इथूनच उभा राहतो. मोरेश्वराचा मोरो होतो, तर धुंडिराजाचा धोंडो का होऊ नये?

धुंडिराज हे नाव खरोखर गणपतीचं. काशीत विश्वनाथाच्या जवळच धुंडिराज विनायकाचं स्थान आहे आणि काशीच्या छप्पन विनायकांत त्याचा मान मोठा. संस्कृतात मूळ रूप ढुण्ढि, ढ नं सुरू होणारं. काशीखंडात त्याचा अर्थ 'शोधणे' या धातूवरून लावलाय. आपलं धुंडणं आणि हिंदीतलं ढूँढना त्याच घरातले. हव्या त्या गोष्टी भक्ताला शोधून देणारा तो ढुण्ढि. महाराष्ट्रात हे नाव काशीयात्रा केलेल्या किंवा करायची इच्छा असलेल्या घरांत दिसतं. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे दादासाहेब फाळके. ते धुंडिराज गोविंद फाळके, जन्म १८७० सालचा, त्र्यंबकेश्वरचा.

म्हणजे दोन वेगळी नावं आहेत आणि मधे एक धूसर पट्टा आहे. धुंडिराजाला घरात धुंडू म्हणतात, धोंडोला धोंडू म्हणतात, आणि घाईत बोललं की दोन्ही सारखंच ऐकू येतं. काही घरांत धुंडिराजाचा धोंडो झालाही असेल. मात्र मला त्याच्या उलट प्रकार जास्त वेळा दिसलाय, म्हणजे धोंडोचा धुंडिराज. त्याची यंत्रणा सांगतो.

श्राद्धाला बाप, आजा, पणजा यांची नावं उच्चारावी लागतात. भटजी संकल्प सांगताना विचारतात, "आजोबांचं नाव?" यजमान म्हणतो, "धोंडो." आता संस्कृत वाक्यात धोंडो बसवायचा कसा? त्याला षष्ठी लावायची कशी? भटजी क्षणभर थांबतात आणि म्हणतात, "बरं, ढुण्ढिराजशर्मणः." काम भागतं. पुढच्या वर्षी यजमान स्वतःच धुंडिराज सांगतो. वीस वर्षांनी त्याचा मुलगा घराण्याचा इतिहास लिहायला बसतो आणि लिहितो, "आमचे पूर्वज धुंडिराजपंत." एका घरात मी हे प्रत्यक्ष पाहिलंय. कर्जरोख्यावर त्या गृहस्थांनी स्वतः धोंडो म्हणून सही केली होती आणि भिंतीवर, फ्रेममध्ये, सोनेरी अक्षरांत त्यांचंच नाव धुंडिराज होतं. रोखा दाखवल्यावर मंडळींना फारसा आनंद झाला नाही. चहा मात्र मिळाला.

काकांच्या मुद्द्याला दुसरी अडचण आहे ती पसाऱ्याची. धोंडो हे नाव फक्त काशीला जाणाऱ्या घरांत असतं तर गोष्ट वेगळी होती. पण ते मराठी मुलखात सगळ्या जातींत आणि सगळ्या दिशांना आहे. ब्राह्मणाच्या कागदात तो धोंडो गोपाळ असा बापाच्या नावाला सरळ चिकटून येतो. पाटलाच्या कागदात धोंडजी बिन राणोजी असा येतो, मधला बिन म्हणजे 'चा मुलगा'. धनगरांत धोंडीबा, कुणब्यांत धोंडू, सातारा–सांगलीकडे धोंडीराम. जोतीरावांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांत धोंडीराम नामदेव कुंभार होते. म्हैसूरचा टिपू पडल्यावर इंग्रजांना दमवणारा धोंड्या वाघ होता. १८०० साली त्याच्या पाठलागाला जावं लागलं ते आर्थर वेलस्लीला, जो पुढे वॉटर्लू जिंकून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजला. सत्तावन्नचे नानासाहेब पेशवेही धोंडोपंतच, कर्जतजवळच्या वेणगावात जन्मलेले. इंग्रजी कागदांत त्यांचा 'धोंडू पंत' झाला. बायकांतही धोंडाबाई, धोंडूबाई सर्रास. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी तर २०१४ सालापर्यंत आपल्यात होत्या. या सगळ्यांना एका काशीच्या गणपतीच्या ओवरीत बसवता येणार नाही.

मराठी छापील अक्षरांत हे नाव अजून एका जागी जिवंत आहे, ती जागा म्हणजे आद्याक्षर. आपण आद्याक्षर काना-मात्रा-अनुस्वारासकट लिहितो, त्यामुळे ते नुसतं 'ध.' न राहता 'धों.' असं ठसठशीत उमटतं. र. धों. कर्वे आणि ना. धों. महानोर. एकाचं घराणं मुरूडचं, कोकणातलं. दुसरे अजिंठ्याच्या डोंगराजवळच्या पळसखेडचे शेतकरी. दोघांच्या वडिलांचं नाव धोंडो. ही दोन आद्याक्षरं नकाशावर ठेवली की नावाचा पसारा आपोआप कळतो.

मग इतक्या लोकांनी आपल्या पोराला दगड का म्हटलं?

याचं सगळ्यात ठाऊक असलेलं उत्तर म्हणजे मूल जगत नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात जन्मलेल्या हजार मुलांतली दोनशेच्या आसपास वर्षाच्या आत जायची. महाराष्ट्रातला हाच आकडा २०२० च्या सरकारी नमुना नोंदणीप्रमाणे सोळा होता. पाचातलं एक मूल जाणार हे गृहीत धरून संसार करणारी माणसं होती ती. ज्या घरात ओळीनं दोन-तीन मुलं गेली, तिथे पुढच्याला चांगलं नाव ठेवायची छातीच व्हायची नाही. चांगल्या नावाला दृष्ट लागते, मृत्यूचं लक्ष जातं. त्यापेक्षा त्याला असं काहीतरी म्हणावं की नेणाऱ्याला वाटेल, हे कशाला न्यायचं, दगड तर आहे.

या समजुतीतून नावांचं एक अख्खं गाव वसलंय. दगडू हा धोंडूचा जुळा भाऊच. पुण्यातल्या ज्या गणपतीचं नाव घेताना आपण हात जोडतो, त्यातले दगडूशेठ याच नावाचे. भिकू, भिका, भिकाजी म्हणजे भीक मागून आणलेला. विष्णुबुवा ब्रह्मचारी हे विष्णु भिकाजी गोखले. केरू, केरबा, केरो म्हणजे केरात टाकलेला. आणि हे फक्त अडाणी घरांत व्हायचं असं कुणाला वाटत असेल, तर टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना छत्रे आठवावेत. त्यांचं मूळ नाव विनायक, जगानं ओळखलं ते केरो लक्ष्मण म्हणून. खानदेश-वऱ्हाडाकडे उकर्डा आणि शेणफडू भेटतात. विदर्भातला कवडू म्हणजे कवडीला विकलेला. नाक टोचून मुलीसारखा वाढवलेला तो नथू. तमिळ मुलखात पिच्चै म्हणजे भीक आणि कुप्पुस्वामी म्हणजे उकिरड्याचा. बंगालातला तिनकडी तीन कवड्यांना घेतलेला. आई मुलाच्या जिवाला भ्यायली की सगळीकडे सारखीच वागते.

ही नुसती नावं नव्हती, त्यामागे विधीही असायचा. बाळाला सुपात घालून उकिरड्यापर्यंत न्यायचं, क्षणभर ठेवायचं, शेजारणीनं "कुणाचं गं हे पोर?" म्हणत उचलायचं, आणि मग आईनं ते तिच्याकडून पसाभर धान्याला किंवा एका कवडीला विकत घ्यायचं. आता पोर तिचं नाही, विकतचं आहे. मृत्यू ज्याला न्यायला आला ते या घरात जन्मलेलंच नाही. हिशेबाच्या वहीत खाडाखोड करून सावकाराला चकवावं, तशी ही युक्ती.

मुलींच्या बाबतीत मात्र जरा जपून. धोंडाबाई, दगडाबाई ही नावं कधी जगावी म्हणून ठेवलेली असतात आणि कधी पुरे झाल्या म्हणून. नकुसा, म्हणजे नको असलेली, हे नाव वेगळ्याच प्रकारचं, त्यात कुणाला चकवायचं नव्हतं. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा अडीचशेहून अधिक मुलींची नावं समारंभ करून बदलली, ते योग्यच झालं. धोंडू आणि नकुसा यांना एका मापानं मोजू नये एवढंच म्हणणं आहे.

इथपर्यंतचं बऱ्याच जणांना ठाऊक असतं, आणि लोक इथेच थांबतात. "टाकाऊ म्हणून दगड" एवढाच अर्थ घेतला तर आईंचा आक्षेप खरा ठरतो. पण मला वाटतं दगड निवडण्यात आणखी काही होतं. टाकाऊ गोष्टी हव्या तेवढ्या आहेत. केर आहे, शेण आहे, चिंधी आहे. त्या सगळ्या कुजतात, उडतात, जळतात. दगड राहतो.

आश्वलायन आणि पारस्कर या दोन्ही गृह्यसूत्रांत, म्हणजे घरातले संस्कार कसे करायचे ते सांगणाऱ्या जुन्या ग्रंथांत, नवजात मुलासाठी एक मंत्र आहे. बाप बाळाला स्पर्श करून म्हणतो: अश्मा भव, परशुर्भव, हिरण्यमस्तृतं भव. दगड हो, कुऱ्हाड हो, न झिजणारं सोनं हो. आणि शेवटी, स जीव शरदः शतम्, शंभर शरद ऋतू जग. पाहा, सोन्याचा नंबर तिसरा आहे. बापाच्या तोंडून निघालेला पहिला शब्द आहे दगड, आणि तो आशीर्वाद आहे. लग्नात नवरीला दगडावर उभं करून "या दगडासारखी स्थिर हो" म्हणतात तोही हाच विचार. त्याला अश्मारोहण म्हणतात, आणि बऱ्याच घरांत तो दगड म्हणजे स्वयंपाकघरातली सहाण किंवा पाटा असतो.

यावरून लगेच "धोंडो हे नाव या मंत्रावरून आलं" असं लिहू नका. शेणाच्या गोठ्यात बाळंत होणाऱ्या बाईनं गृह्यसूत्र वाचलेलं नव्हतं. पण तिला वरवंटा ठाऊक होता. बारशाला वरवंट्याला कुंची-टोपडं घालून बाळासारखा सजवतात, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत पाळण्याच्या वरून-खालून फिरवतात आणि बाळाशेजारी पाळण्यात ठेवतात. माझ्या मुलीच्या बारशाला मी हे जवळून पाहिलं. आमच्या आत्यानं वरवंटा आधी धुतला, त्याला हळदीकुंकू लावलं, जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळला आणि दोन्ही हातांनी असा उचलला की मान सावरतेय असं वाटावं. मी विचारलं, "आत्या, हे कशाला?" ती म्हणाली, "असाच ठणठणीत राहू दे म्हणून." संस्कृतातलं अश्मा भव तिनं कधी ऐकलं नसेल, पण अर्थ अक्षरशः तोच सांगितला. सूत्रातला दगड आणि पाळण्यातला वरवंटा यांच्या मधोमध कुठेतरी धोंडो हे नाव आहे, असं माझं मत. वर शेंदूर फासला की धोंड्याचा म्हसोबा होतो, तेही विसरायला नको. ज्या गावात दगडापुढे नवस बोलतात, तिथे दगड हा शब्द शिवी म्हणून फार दूर जात नाही.

महर्षी कर्व्यांचं नाव घेतल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. धोंडो केशव कर्वे, जन्म १८ एप्रिल १८५८, मृत्यू ९ नोव्हेंबर १९६२. विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली बायकांचं विद्यापीठ काढलं, शंभरीत भारतरत्न मिळालं. त्या मंत्रात मागितलेले शंभर शरद घेऊन वर चार जास्त. त्यांच्या नावामागे काय कारण होतं ते मी सांगत नाही, पण नावानं कुणाचं वाईट केलं असं तरी दिसत नाही.

तिसरी एक शक्यता उरते, आणि ती तपासायला सगळ्यात सोपी. ती म्हणजे महिना. अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येणारा, लग्न-मुंजीला निकामी, म्हणून धोंडा. त्याला देव मिळेना तेव्हा विष्णूनं आपलं नाव दिलं आणि तो पुरुषोत्तम मास झाला, अशी कथा आहे. या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे देतात, आणि पुरण भरून केलेले धोंडे खाऊ घालतात. दगडाचं नाव असलेला एवढा मऊ पदार्थ दुसरा नाही. या महिन्यात जन्मलेल्या पोराचं नाव धोंडू, धोंडीराम किंवा पुरुषोत्तम ठेवायची चाल होती. पश्चिम महाराष्ट्रात अधिकराव भेटतात तेही बहुतेक इथूनच. २०२३ साली अधिक श्रावण होता, २०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे. एका पत्रिकेत मला "अधिक आषाढ शुद्ध" असा मजकूर आणि त्याच्या वरच "चिरंजीव धोंडो" अशी दोन्ही एकत्र मिळाली होती. तिथे विषयच संपला. त्या घरातले लोक पिढ्यान् पिढ्या "आधीची मुलं दगावली होती" अशी गोष्ट सांगत होते. वंशावळ बघितली तर धोंडोच थोरला होता.

पावसासाठी पोरं "धोंडी धोंडी पाणी दे" म्हणत फिरतात, ती धोंडी या नावाशी जोडायचा मोह होतो. मी जोडत नाही.

आता तुमचा कागद. धोंडो मोरेश्वर यांच्या शेजारी तीन नावं आहेत आणि त्यांच्या खाली रेघ नाही. तुम्ही त्याचा अर्थ "ही लहानपणी गेलेली भावंडं, म्हणून चौथ्याचं नाव धोंडो" असा लावलाय. तो घाईचा आहे. वंशावळी मुलं मोजायला लिहिलेल्या नसतात, हक्क मोजायला लिहिलेल्या असतात. बारशाआधी किंवा दुधाच्या दातांआधी गेलेलं मूल त्यात सहसा येतच नाही. ज्याचं नाव आलंय तो बहुधा मोठा झालेला, वाटणीत धरलेला, पण निपुत्रिक वारलेला माणूस असतो. खाली रेघ नाही याचा अर्थ वंश खुंटला, एवढाच. म्हणजे धोंडोच्या आधी मुलं गेली की नाही हे हा कागद सांगत नाही. ते कळायचं तर आजी-पणजीच्या तोंडची गोष्ट हवी, नाहीतर जन्मनोंदी हव्यात. त्या काळच्या जन्मनोंदी म्हणजे घरातल्या पत्रिकाच.

गणेश आणि मोरेश्वर ही दोन्ही नावं गणपतीची आहेत, हे काकांच्या पारड्यात टाकायला हवं. गणपती हे दैवत असलेल्या घरात धुंडिराज येऊ शकतो. पण कागदात तुमच्या पूर्वजांचं नाव ज्या हातानं लिहिलंय, त्यानं मोरेश्वर पूर्ण लिहिलाय, गणेश पूर्ण लिहिलाय, आणि धोंडो मात्र धोंडोच ठेवलाय. खरं नाव धुंडिराज असतं तर इतरांची पूर्ण नावं देणाऱ्या कारकुनानं तेही पूर्ण दिलं असतं. हा पुरावा निर्णायक नाही, पण मी न्यायाधीश असतो तर आईंच्या बाजूनं थोडा झुकलो असतो.

एक गंमत त्याच फोटोत आहे. वरच्या धोंडोवर अनुस्वार नाही, तिथे 'धोडो' आहे. घाबरू नका. मोडीत अनुस्वार गाळायची सवयच होती, ह्रस्व-दीर्घही पाळत नसत, शब्दही तोडत नसत, सगळी ओळ एका दमात. वाचणाऱ्याला माणूस ठाऊक असायचा, मग अनुस्वार कशाला? खालच्या पिढीत मात्र स्पष्ट 'धोंडो' आहे, तेव्हा वाचनात शंका नाही.

नाव ठेवावं की नाही, हे खरं तर माझं काम नाही, पण तुम्ही विचारलंय म्हणून. आज शाळेत धोंडो म्हटलं की पोरं हसणार. नाटक-सिनेमांनी घरगड्याचं नाव धोंडू ठेवून ठेवून या नावाची रया घालवलीय, आणि ते आठ-दहा वर्षांच्या पोराला समजावून सांगता येत नाही. माझा अनुभव असा की ज्यांनी जुनी जड नावं हौसेनं ठेवली, त्यांच्यातल्या काहींची मुलं दहावीच्या आधी राजपत्रात नाव बदलून मोकळी झाली. दुसरीकडे मल्हार, खंडेराव ही नावं तीस वर्षांपूर्वी अशीच जुनाट वाटायची आणि आता प्रत्येक बालवाडीत दोन मल्हार असतात. धोंडोचं तसं होईल असं मला वाटत नाही, पण एकदा चुकलोय, म्हणून पैज लावणार नाही.

मधली वाट जुन्या लोकांनीच करून ठेवलीय. बारशाला पाळण्यात कानात एक नाव सांगतात आणि हाकेचं दुसरं असतं. कानात धोंडो सांगा, जन्मदाखल्यावर तुम्हाला आवडेल ते लिहा. काकांचं मन राखायचं तर दाखल्यावर धुंडिराज लिहिता येईल. ते स्वतःच्या पायावर उभं असलेलं सुंदर नाव आहे, त्याला धोंडोचं शुद्ध रूप म्हणायची गरज नाही. अधिक महिन्यातला धागा निघाला तर पुरुषोत्तम आहेच. आणि आईंना तो वरवंटा पाळण्यात ठेवायला सांगा. त्याला त्यांची हरकत असणार नाही.

घरात धोंडो मोरेश्वरांची पत्रिका असेल तर शोधा. बहुधा ती गुंडाळी असते, हळदीची बोटं लागलेली, देवघराच्या मागच्या फळीवर किंवा ट्रंकेत तळाशी. उलगडताना घाई करू नका, कागद घडीवर फुटतो. वरच्या चार ओळींत शक, संवत्सर, महिना, पक्ष, तिथी असते. महिन्याच्या आधी 'अधिक' आहे का, एवढंच पाहायचं. वाचता आलं नाही तर फोटो उजेडात काढून पाठवा, मी वाचून देतो. अनुस्वार मात्र जिथे नसेल तिथे मागू नका.